मॅटॅडोरचे ब्रेकचे पार्ट बंद झालेत : व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज कुठे मिळतील?

माणदेशी (धागाकर्ता) · ३ जून

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९८९ची बजाज टेम्पोची मॅटॅडोर आहे. डिझेल, खासगी नोंदणी. वडिलांनी घेतली, त्यांच्या मागे मी चालवतोय. इंजिनची काही तक्रार नाही, पत्रा दोन ठिकाणी जोडला आहे, बाकी गाडी ठणठणीत. अडलंय ते ब्रेकवर.

चारही चाकांना ड्रम आहेत. मागच्या दोन्ही व्हील सिलिंडरमधून (चाकातला ब्रेक तेलाच्या दाबाने दाबणारे) तेल पाझरतंय. डाव्या चाकाचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, तर तेलाने पूर्ण भिजलेत. त्यात मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणारा) आतून गेलाय असं वाटतं. पेडल दाबून धरलं की सावकाश खाली बसत जातं, बाहेर मात्र एक थेंब गळत नाही. पुढच्या होज पाईपांना वळणावर बारीक भेगा आहेत.

पार्ट नंबर घेऊन चौकशी केली तर सगळीकडे एकच उत्तर, 'पुरवठा बंद'. त्यात दुकानदारांचा दोष नाही. गाडी बनणंच थांबलं म्हटल्यावर पार्टाचे साचे कोण किती दिवस सांभाळणार? पण पुढच्या महिन्यात नोंदणी नूतनीकरणाची तपासणी आहे आणि तोवर ब्रेक नीट व्हायलाच हवेत. तपासणीचं सोडा, या अवस्थेत घरातल्या माणसांना गाडीत बसवायचं नाही, हे मी ठरवलंय.

कुणाकडे मॅटॅडोर अजून चालती असेल, किंवा कुणी हे पार्ट अलीकडे मिळवले असतील तर सविस्तर लिहा. गाडी भंगारात घाला हा सल्ला कृपया देऊ नये.

---

रानपाखरू · ३ जून

मॅटॅडोर! आमच्या शाळेची गाडी हीच होती. मदत काही करता येणार नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देते. फोटो टाका ना.

---

पेठकरी · ३ जून

मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या धंद्यात आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

तुम्ही दुकानात जाऊन 'मॅटॅडोरचा मागचा व्हील सिलिंडर आहे का' विचारलंत की पोरगं कॉम्प्युटरमध्ये बघणार आणि नाही म्हणणार. तो खोटं बोलत नाही. त्याच्या यादीत ते नाव राहिलेलंच नाही. पण सिलिंडर काही गाडी बनवणाऱ्या कंपनीने ओतलेला नसतो. ब्रेकचं काम करणारे कारखाने वेगळे. तेच कारखाने एका बोअरचा (आतल्या भोकाच्या व्यासाचा), एका धाटणीचा सिलिंडर चार कंपन्यांना देतात, आणि डब्यावरचं नाव नि नंबर तेवढा बदलतो. म्हणून गाडीच्या नावाने पार्ट शोधणं बंद करा. मापाने शोधा.

दोन्ही मागचे सिलिंडर खोला. पेट्रोल, डिझेल काही न लावता पुसून घ्या आणि व्हर्निअरने एवढं लिहून काढा : बोअर किती. बॅकप्लेटमध्ये घुसणाऱ्या गोल उंचवट्याचा व्यास किती. बोल्टच्या दोन होलांमधलं अंतर. पाईप लागतो त्या होलाचा आटा, ब्लीड निपलचा (हवा काढायच्या तोटीचा) आटा. पिस्टन आत दाबून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. आणि पिस्टनच्या ज्या खाचेत शूचं (ज्यावर लायनर बसतं त्या कमानीचं) टोक बसतं तिची रुंदी, ती सरळ आहे की तिरकी. शेवटचं माप नव्वद टक्के लोक घेत नाहीत, आणि सगळं जुळून नेमकं तिथेच अडतं.

बोअर बहुतेक वेळा सिलिंडरच्या अंगावर ओतलेला असतो. तारेच्या ब्रशने घासा, दिसेल. नसेल तर आतल्या रबरी बकेटच्या (कपाच्या) तळाशी आकडा उठवलेला असतो.

मग जुना सिलिंडर पिशवीत घालून स्वतः जा. आणि नव्या चकचकीत दुकानात जाऊ नका. ज्या दुकानाच्या माळ्यावर धूळ आहे, तिथे जा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा भाग. मोडीतल्या गाड्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. अगदीच नाही झालं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. पण दिल्लीचा माल फोटोवरून मागवू नका, ब्रेकचा तर नाहीच.

---

वेगवेडा · ४ जून

एवढा खटाटोप कशाला? त्याच कंपनीच्या ट्रॅव्हलर गाडीचा पुढचा ॲक्सल मोडीत मिळतो, डिस्कसकट. तोच बसवा. ड्रमपेक्षा डिस्क कधीही सरस.

---

दापोडी_वर्कशॉप · ४ जून

वरचा सल्ला सद्भावनेने दिला असेल, पण तो घेऊ नये. मी एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत आयुष्य काढलं आहे, बहुतेक ब्रेकच्याच कामावर. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मॅटॅडोरची पुढची चाकं ओढतात, ट्रॅव्हलरची मागची. त्यामुळे पुढचा ॲक्सल उचलून इकडे लावणं हा विषयच येत नाही. मॅटॅडोरच्या पुढच्या हबमधून चाकाला फिरवणारा शाफ्ट जातो, ट्रॅव्हलरच्या हबमध्ये त्याची सोयच नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने मूळ दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तपासणीत अधिकाऱ्याने बोट ठेवलं तर वाद घालायला जागा नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ब्रेक म्हणजे पुढचे आणि मागचे मिळून एक हिशेब असतो. पुढे किती जोर, मागे किती, हे गाडीच्या वजनावरून ठरवलेलं असतं. त्यातलं एक टोक बदललं की सगळा हिशेब चुकतो.

आकड्यांत सांगतो. समजा मागचा सिलिंडर मूळ सहा सूतचा, म्हणजे पाऊण इंची आहे, १९.०५ मिलिमीटर. तुम्हाला बाजारात हुबेहूब तसाच दिसणारा सात सूतचा मिळाला, २२.२ मिलिमीटर. बोल्ट बसले, पाईप बसला, मेकॅनिक म्हणाला 'मोठा आहे, चांगलाच आहे'. पण जोर ठरतो क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. ४९ भागिले ३६. म्हणजे मागच्या चाकांवर ३६ टक्के जास्त जोर. मॅटॅडोरचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, मागे रिकामा डबा. रिकाम्या गाडीत, पावसात, जोरात ब्रेक मारलात की मागची चाकं आधी जाम होणार आणि गाडीचं बूड फिरणार. घाटात हे झालं तर काय होईल ते लिहायला नको.

मास्टरचं उलटं. तिथे सहाच्या जागी सात सूतचा लावला तर पेडल आखूड आणि कडक होतं. चालवणाऱ्याला वाटतं, वा, ब्रेक टाइट झाला. प्रत्यक्षात त्याच पायाच्या जोराला तेलाचा दाब जेमतेम ७३ टक्के उरतो.

तेव्हा बोअर म्हणजे बोअर. तिथे तडजोड नाही. आणि एका ॲक्सलवरचे दोन्ही सिलिंडर एकाच बोअरचे हवेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. बदलताना दोन्ही एकदम बदला, एकच गळत असला तरी.

माणदेशी, पेडल खाली बसतंय आणि बाहेर गळत नाही, म्हणजे मास्टरमधला रबरी कप तेल मागच्या मागे सोडतोय. निदान बरोबर आहे. पण आधी मागचे सिलिंडर दुरुस्त करून एअर (तेलात अडकलेली हवा) काढून पुन्हा बघा, मग मास्टर खोला.

---

माणदेशी · ४ जून

काका, पेठकरी, दोघांचेही मनापासून आभार. एवढं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या खोलतो आणि मापं टाकतो.

---

वेगवेडा · ४ जून

काका, पटलं. पुढची चाकं ओढतात हे लक्षातच आलं नाही.

---

एल्बकाठ · ५ जून

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी हँबुर्गला राहते, आणि तुमच्या मॅटॅडोरचं माहेर इथलं, हारबुर्गचं. फिडाल उंट झोन नावाच्या घराण्याचा टेम्पो हा कारखाना इथे होता. मॅटॅडोर हे नावही त्यांचंच. पुढे तो हानोमागकडे गेला आणि मग मर्सिडीझकडे. मर्सिडीझने हीच गाडी एल २०६ आणि एल ३०६ या नावांनी १९७७ पर्यंत विकली. इकडे बंद झाल्यावरही भारतात ती कितीतरी वर्षं बनत राहिली. आकुर्डीहून.

इथे या गाड्यांना 'हारबुर्गर ट्रान्सपोर्टर' म्हणतात आणि जपणारी मंडळी आहेत. जुन्या जर्मन गाड्यांचे ब्रेकचे पार्ट नव्याने बनवणारेही आहेत. मापं टाकलीत तर मी विचारून बघेन.

मात्र एक शंका आहे. भारतात गाडी इतकी वर्षं बनली, तर मधल्या काळात पार्ट देशी झाले असणार ना? आटे, फ्लेअर (पाईपचं पसरवलेलं तोंड) तेच राहिले असतील का?

---

पेठकरी · ५ जून

ताई, अगदी नेमकी शंका. देशी झालेच. म्हणून तिकडचा पार्ट मापाशिवाय मागवू नये. शिवाय पस्तीस वर्षांत या गाडीवर कुणी काय काय बसवलंय कोण जाणे. मूळ कागदावर एक आणि गाडीवर भलतंच, हे रोज बघतो.

---

चिपळूणकर_व्हॅन · ५ जून

माझी मॅटॅडोर नाही, जुनी मारुती ओम्नी आहे. पण ब्रेकचा आजार तोच. कोकणातला पाऊस आणि खारा वारा, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजणं नेहमीचं.

एक अनुभव सांगतो. एका जुन्या दुकानात मला सीलबंद डब्यातलं, अनेक वर्षं पडून राहिलेलं रबर किट मिळालं. अस्सल कंपनीचं. बसवलं आणि पावसाळा संपायच्या आत पुन्हा गळायला लागलं. रबर न वापरतासुद्धा म्हातारं होतं. ओठ कडक होतो, बोअरला चिकटून बसत नाही. त्यामुळे जुना साठा सापडला तर धातूचा भाग आनंदाने घ्या, पण आतलं रबर टाकून ताजं घाला. रबराची मापं अजूनही सर्रास मिळतात, कारण बोअर ठरावीकच आहेत.

आणि सिलिंडर उघडल्यावर बोटाने आत चाचपा. नख अडकेल असा खड्डा असेल तर नुसतं किट बदलून काहीही उपयोग नाही.

---

माणदेशी · ६ जून

मापं घेतली. मागचे दोन्ही : बोअर १९.०५, अंगावर ३/४ स्पष्ट ओतलेलं आहे. म्हणजे काकांच्या उदाहरणातला सहा सूतचाच निघाला. बाकीची मापं कागदावर काढून फोटो टाकतोय.

डावा सिलिंडर आतून खड्ड्यांनी भरलाय. उजवा थोडा बरा, पण नख अडकतंच.

मास्टरही खोलला. तळाला, जिथे तेल साचून राहतं तिथे, गंजाचा पट्टा आहे.

आमच्या इथल्या मेकॅनिकने दोन गोष्टी सुचवल्यात, त्यावर मत हवं. एक, होज जेसीबीचे होज बनवणाऱ्याकडून करून घ्यायचे. दोन, गंजलेले लोखंडी पाईप काढून तांब्याचे टाकायचे, फ्रिजवाल्याकडे मिळतात ते.

---

दापोडी_वर्कशॉप · ६ जून

दोन्हीला नाही.

जेसीबीच्या, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक होजचा दाब ब्रेकपेक्षा जास्त असतो, म्हणून लोकांना वाटतं की तो उत्तमच. पण त्याच्या आतलं रबर खनिज तेलासाठी बनवलेलं असतं, नायट्राइल. ब्रेकचं तेल ग्लायकॉलचं. त्या रबराला ते चालत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, आतून सालपटं सुटतात. मग होज आतल्या आत बंद होतो आणि ब्रेक सुटत नाही, किंवा फाटतो. बाहेरून मात्र नवाकोरा दिसतो. ब्रेकचा होज ब्रेकचाच घ्या. त्यावर मानकाचा छाप असतो, एसएई जे १४०१ किंवा आयएस. लांबी आणि दोन्ही टोकांचे आटे दिले की ब्रेक होज बनवून देणारे आहेत. लांबी मोजताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ताणला जाऊ नये आणि टायरला घासू नये.

फ्रिजचा तांब्याचा पाईप वळवायला सोपा, म्हणून मेकॅनिकला आवडतो. पण तांबं सततच्या थरथरीने कडक होत जातं आणि फ्लेअरच्या मानेशी चिरतं. दुपदरी पोलादी ब्रेक पाईपच घ्या, ४.७५ मिलिमीटरचा. तांबं-निकेल मिश्रधातूचा ब्रेकसाठीचा पाईप मिळाला तर तोही चालतो, गंजत नाही. साधं तांबं नको.

---

पेठकरी · ६ जून

काकांच्या पाईपमध्ये माझी एक भर. फ्लेअर दोन तऱ्हेचे असतात. एकात पाईपचं तोंड आत दुमडून दुहेरी केलेलं, दुसऱ्यात बाहेरून फुगीर, बुडबुड्यासारखं. एकाची जागा दुसऱ्याला लागत नाही. नट घट्ट होतो आणि तरी पाझरतं, मग लोक अजून आवळतात आणि बैठक खराब करून ठेवतात.

आट्यांचंही तसंच. एम १० बाय १ आणि तीन सूतचा २४ आट्यांचा इंची नट, दोन्ही डोळ्यांना सारखे. एकाचा व्यास १० मिलिमीटर, दुसऱ्याचा साडेनऊ. इंची नट मेट्रिक होलात ढिला जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दाब आला की सुटतो. थ्रेड गेज शेकड्यात मिळतो. घ्याच.

---

उद्यमनगरचा · ७ जून

भावा, मास्टर टाकू नकोस. कोल्हापूरला आण.

माझं उद्यमनगरात मशिन शॉप आहे. जुन्या गाड्यांच्या मास्टर सिलिंडरला स्लीव्ह मारायचं काम आम्ही नेहमी करतो. बाहेरचा ओतीव डबा तोच राहतो, आत बोअर मोठा करून स्टेनलेसची नळी दाबून बसवायची, आणि ती नळी मूळ मापाला होन करायची, म्हणजे आतून बारीक घासून गुळगुळीत करायची. मापाला म्हणजे मापाला, कारण काकांनी वर लिहिलंय ते सोळा आणे खरं. काम झाल्यावर तुझा मूळ डबा, मूळ बोअर, मूळ आटे. कायद्याचाही प्रश्न नाही, कारण तू काही बदललंच नाहीस. आणि स्टेनलेस आहे म्हणून पुन्हा गंजायची भीती नाही.

यात एकच जागा नाजूक. मास्टरच्या बोअरमध्ये टाकीतून तेल उतरायची दोन होलं असतात. एक मोठं, एक मिलिमीटरपेक्षा बारीक. स्लीव्ह बसवल्यावर ती दोन्ही परत पाडावी लागतात, जुन्या जागेवर अचूक. बारीक होल पुढे-मागे झालं तर पाय काढल्यावर तेल परत जात नाही आणि ब्रेक धरून राहतो. आणि होलाच्या आतल्या कडेला धार राहिली तर नवा रबरी कप पहिल्याच आठवड्यात कापला जातो. म्हणून कुणाकडूनही करून घे, त्याला एवढंच विचार, 'बारीक होलाची धार कशी मारता?' ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून उठून ये.

---

चिपळूणकर_व्हॅन · ७ जून

स्टेनलेस की पितळ? मला एकाने पितळेची सुचवली होती.

---

उद्यमनगरचा · ७ जून

दोन्ही चालतात. पितळ लेथवर सोपं, होन चांगलं होतं, गंजत नाही. पण घासून झिजतं लवकर. रोज चालणाऱ्या गाडीला मी स्टेनलेस देतो.

---

माणदेशी · ७ जून

दादा, येतो. मागचे व्हील सिलिंडरही आणू का? त्यांनाही स्लीव्ह बसेल?

---

उद्यमनगरचा · ७ जून

बसेल. पण पाऊण इंची सिलिंडर नवा मिळण्याची शक्यता चांगली आहे. आधी बाजार बघ, नाहीच मिळाला तर आण. जे नवं मिळतं ते नवं घ्यावं.

---

सीनाकाठ · ८ जून

लायनरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. शू मिळत नसतील तरी काळजी नको. ट्रक टर्मिनलजवळ ब्रेक लायनिंगवाले असतात. जुन्या शूवरचे लायनर काढून नवे रिव्हेटने बसवून देतात. तेलात भिजलेले लायनर धुऊन, जाळून परत वापरायला देणारेही आहेत, त्यांना नाही म्हणा. लायनर तेल पितं, ते पूर्ण निघत नाही.

नवे लायनर बसल्यावर शू ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायला सांगा. ड्रम लेथवर मारला असेल तर जास्तच गरजेचं, नाहीतर लायनर फक्त मधोमध टेकतं आणि नवा ब्रेक असून गाडी थांबत नाही.

---

दापोडी_वर्कशॉप · ८ जून

उत्तम मुद्दा. त्याला जोडून एक कळकळीची विनंती, तुमच्या मेकॅनिकलाही वाचून दाखवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रम काढल्यावर हवेच्या नळीने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या वेळी सगळे हवा मारायचे आणि तोंडाला साधा रुमालही नसायचा. माझ्याबरोबर काम केलेल्या काहींच्या छातीची पुढे काय अवस्था झाली ते मी पाहिलं आहे. तरुण पोरांनी ते करू नये.

दुसरं, रबराच्या कुठल्याही भागाला पेट्रोल, डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल लागू देऊ नका. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. डिझेलने धुतलेला कप दुसऱ्या दिवशी फुगलेला मिळतो.

---

रानपाखरू · ८ जून

काका, तुम्ही हे सगळं एका ठिकाणी लिहून काढा ना. खूप लोकांना उपयोग होईल.

---

माणदेशी · १९ जून

मंडळी, सांगण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

व्हील सिलिंडर मिळाले. पेठकरींनी सांगितलं तसं जुना नमुना घेऊन गेलो. पहिल्या काही दुकानांत नाव सांगितल्यावर मान हलली. नंतर मी गाडीचं नाव घेणंच बंद केलं. नमुना काउंटरवर ठेवायचो आणि म्हणायचो, 'सहा सूतचा, असा हवा.' एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि शिडी लावून माळ्यावर चढले. डब्यावर दुसऱ्याच गाडीचं नाव होतं. तिथेच बसून एकेक माप जुळवलं. बोअर, उंचवटा, बोल्ट, दोन्ही आटे, सगळं बरोबर. पिस्टनची खाच मात्र तिरकी होती, माझ्या जुन्याची सरळ. पिस्टन बदलता येतात हे त्यांनीच सांगितलं. माझे जुने पिस्टन ॲल्युमिनियमचे, चांगल्या अवस्थेतले. ते नव्या सिलिंडरमध्ये घातले, आतलं रबर ताजं घेतलं. लांबीसुद्धा जुळली.

त्या दुसऱ्या गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्या गाडीवरचे सिलिंडर मूळचेच होते की मागे कुणी बदललेले, हे मला सांगता येणार नाही. मी लिहिलेलं नाव वाचून दुसऱ्या कुणी मापाशिवाय घेतले आणि त्याच्या गाडीवर वेगळा बोअर निघाला, तर ते मला चालणार नाही. मापाचा कागद इथे आहे. आपापला सिलिंडर शेजारी ठेवून बघा.

मास्टर कोल्हापूरला नेला. दादांनी माझ्यासमोर स्लीव्ह मारली, बारीक होलाची धार कशी घालवतात ते भिंगातून दाखवलं. किट नवं. होज मापाने बनवून घेतले, छाप असलेले. पाईपांपैकी मागच्या ॲक्सलवरचे दोन्ही आणि मधला लांब पाईप पोलादी नवे, पुढचे चांगले होते ते ठेवले. माझ्या गाडीवर आटे एम १० बाय १ निघाले.

शू सोलापूरला रिव्हेट करून घेतले. ड्रम लेथवर हलकासा साफ केला.

आता काका, एअर काढायचा क्रम आणि तेल कुठलं, तेवढं सांगा.

---

एल्बकाठ · १९ जून

किती छान! इथल्या एका जपणाऱ्या गृहस्थांना मी तुमच्या गाडीचा फोटो दाखवला. भारतात ही गाडी अजून रस्त्यावर आहे याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तपासणीत काय झालं ते कळवायला सांगितलंय. पुढे कधी पुढच्या चाकांचे सिलिंडर लागले तर मापं पाठवा, ते शोधून देतील.

---

दापोडी_वर्कशॉप · १९ जून

आधी चारही चाकांचे शू ॲडजस्ट करा. चाक हाताने फिरताना किंचित घासलं पाहिजे, अडकायला नको. हे न करता एअर काढत बसलात तर पेडल कधीच वर येणार नाही आणि दोष मास्टरला जाईल.

क्रम, मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. तुमचा मास्टर उजव्या हाताला पुढे. म्हणून डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. पेडल सावकाश दाबायचं, धरायचं, निपल सोडायचं, निपल बंद झाल्यावरच पाय काढायचा. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीतलं उतरलेलं तेल परत टाकीत ओतायचं नाही.

तेल डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना डॉट ३चा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४चा २३०. पण हे तेल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी शिरल्यावर तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाट उतरताना ड्रम तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. तुमचा मास्टर तळाला गंजला त्याचं कारणही तेच पाणी. दर दोन वर्षांनी तेल बदला, स्वच्छ दिसत असलं तरी. फोडून ठेवलेली बाटली वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

नवे लायनर बसवल्यावर लगेच तपासणीला जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगावरून हलके ब्रेक मारत जा, मधे गार होऊ द्या. मग ड्रम काढून बघा, लायनर पूर्ण रुंदीला टेकलं आहे का. चारही चाकं हाताला सारखीच कोमट लागली पाहिजेत. एक गार आणि एक गरम असेल तर पुन्हा लिहा.

---

माणदेशी · २ जुलै

तपासणी झाली. ब्रेक उत्तीर्ण. गाडी सरळ रेषेत थांबते, पेडल वर आणि घट्ट. पाच वर्षांचं नूतनीकरण मिळालं.

मागचं उजवं चाक आधी थोडं जास्त तापत होतं. काकांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितलं की शूची परतीची स्प्रिंग मेली आहे. दोन्ही बाजूंच्या बदलल्या, आता सारखं आहे.

उरलेला एक सिलिंडर आणि जास्तीचं रबर किट माझ्याकडे आहे. मॅटॅडोर चालवणाऱ्या कुणाला माप जुळत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे नकोत.

---

भीमथडी · ५ जुलै

अभिनंदन! आमचीही मॅटॅडोर आहे, बंद पडलेली. तुमचा कागद छापून घेतला. आमचा बोअर बघतो आणि कळवतो. हँडब्रेकची केबल मात्र तुटली आहे, तिचं काय केलंत?

---

माणदेशी · ५ जुलै

माझी शाबूत होती, पण चौकशी करून ठेवली आहे. केबल बनवून देणारे पुण्यात आहेत, ट्रॅक्टरच्या आणि थ्रेशरच्या केबली करतात तेच. जुनी केबल तुटली असली तरी फेकू नका, दोन्ही तुकडे घेऊन जा. त्यांना आतल्या तारेची आणि बाहेरच्या आवरणाची, अशा दोन वेगळ्या लांब्या लागतात, शिवाय तारेची जाडी आणि दोन्ही टोकांच्या गुंड्या. बोअर पाऊण इंची निघाला तर सिलिंडर तुमचा.